टक् होण्याइतका वेळ

भाची अभ्यासाला बसली होती आणि मी तिच्या बाजूला हातात फोन घेऊन, म्हणजे मदतीला बसले होते असं फक्त म्हणायचं. मधेच तिने मान वर न करता विचारलं, मावशी, हे ०.०१ यांनी कुठून आणलं असेल? प्रश्न नेहमीचाच होता. ५० ग्रॅमचा स्टीलचा गोळा सेकंदाला १ मीटर वेगाने येतो, तसल्याच एका स्थिर गोळ्यावर समोरासमोर आदळतो, टक्कर पूर्ण इलॅस्टिक (म्हणजे गतीची ऊर्जा अजिबात वाया न जाणारी) आहे, संपर्काचा काळ ०.०१ सेकंद धरा, सरासरी बल काढा. तिने काढलं पण होतं. पहिला गोळा जागीच थांबतो, दुसरा सगळा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, घेऊन निघतो, ०.०५ भागिले ०.०१, उत्तर ५ न्यूटन. उत्तराशी तिचं काही भांडण नव्हतं, ती एवढंच विचारत होती की हा आकडा कुणी कधी मोजला होता का उगाच ठेवून दिलाय. मी सवयीने म्हणाले, अगं दिलंय ना त्यांनी, धरायचं. ती "बरं" म्हणाली आणि पुढच्या गणिताला लागली. ते "बरं" मला जरा लागलं, कारण मोठ्यांकडून काही मिळणार नाही असं कळल्यावर मुलं जे "बरं" म्हणतात ना, तेच होतं ते.

रात्री मग मीच कागद घेतला. ५० ग्रॅम स्टीलचा गोळा म्हणजे साधारण २३ मिलिमीटर व्यासाचा, मुठीत सहज मावेल असा. स्टील किती कडक, गोळा केवढा, वेग किती, हे माहीत असेल तर दोन गोळे एकमेकांना किती वेळ चिकटून राहतात ते काढता येतं, त्याचं सूत्र शंभर-सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं आहे. उत्तर आलं सुमारे ७० मायक्रोसेकंद. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले सत्तर. आणि पुस्तकातले ०.०१ सेकंद म्हणजे असे दहा हजार तुकडे! म्हणजे जवळजवळ १४० पटींचा फरक, आणि तो तसाच्या तसा बलात उतरतो. ५ न्यूटन म्हणजे अर्धा किलो वजन हातावर ठेवल्यासारखं. खरं सरासरी बल ७०० न्यूटनच्या आसपास येतं, सत्तर किलोचा माणूस त्या एका ठिपक्यावर उभा राहिल्यासारखं, आणि ऐन मधल्या क्षणी ते १३०० न्यूटनपर्यंत चढतं. एवढं सगळं ५० ग्रॅमच्या गोळ्यात, तेही चालण्याच्या वेगापेक्षा कमी वेगात. मला आकडा चुकल्याचं एवढं काही वाटलं नाही, गणितात आकडे सोयीचेच असतात. पण ५ न्यूटन लिहिणाऱ्या मुलीला टक्कर ही काहीतरी मऊ, सभ्य गोष्ट वाटणार, आणि ती तशी अजिबात नसते, हे मात्र खटकलं.

०.०१ सेकंद हा आकडा अगदीच हवेतला नाही म्हणा. फुटबॉलला लाथ मारताना बूट आणि बॉल साधारण तेवढाच वेळ एकत्र असतात. टेनिसचा बॉल रॅकेटच्या जाळीत ५ मिलिसेकंदांच्या आसपास असतो, गोल्फचा बॉल काठीवर जेमतेम अर्धा मिलिसेकंद. १९३० च्या दशकात हॅरॉल्ड एजर्टन या अमेरिकन इंजिनिअरने फ्लॅशच्या करामतीने असे फोटो काढले, लाथ मारलेल्या बॉलच्या पोटात बूट जवळजवळ गडप झालेला, आणि तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कसंतरीच झालं होतं, जणू बघायला नको ते बघितलं. आपल्याला काहीतरी जाणवून आपण हात-पाय हलवेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो, म्हणजे बॉल सुटून गेल्यावर. मारणाऱ्याला "लागला" असं जे वाटतं ते सगळं मागाहूनच. पण स्टीलवर स्टील हे त्याहूनही वेगळं जग आहे, तिथे मिलिसेकंदसुद्धा लांबलचक वाटतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही हे मोजलं होतं, खरं तर मोजायला लावलं होतं. दोन स्टीलचे गोळे बारीक तारांनी टांगलेले, मधे एक बॅटरी आणि रेझिस्टर, गोळे टेकले की सर्किट पूर्ण, सुटले की तुटलं. दुसऱ्या टोकाला ऑसिलोस्कोप, विजेचा चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. अंधाऱ्या खोलीत त्या पडद्यावर हिरवी रेघ, आणि एक गोळा मागे ओढून सोडला की रेघेवर एक चौकोनी उंचवटा उठायचा, सपाट डोक्याचा, दोन्ही बाजूंनी सरळ तुटलेला. त्याची रुंदी म्हणजे संपर्काचा वेळ. कानाला फक्त टक्. मी गोळा जास्त मागे ओढायचे, टक् मोठं व्हायचं, टेबलावरच्या बारीकसारीक वस्तू पण हलायच्या, आणि उंचवटा मात्र होता तेवढाच दिसायचा, बघावं तर किंचित अरुंद. मला वाटायचं जोरात आदळलं तर एकतर खूप जास्त वेळ रुतून बसायला हवं, नाहीतर झटकन उडून जायला हवं. दोन्ही नाही. रीडिंग घ्यायचं, ग्राफ काढायचा, सही घ्यायची, एवढ्यात ते राहून गेलं. आमच्या जर्नलमध्ये निष्कर्षाखाली काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही पण त्यात आश्चर्य हा शब्द नसणार एवढं नक्की.

त्या टक् आवाजाचीही एक गंमत आहे, जाता जाता सांगते. आपल्याला वाटतं गोळे घंटेसारखे वाजतात म्हणून आवाज येतो. एवढासा स्टीलचा गोळा वाजतो तो लाख हर्ट्झच्या वर, म्हणजे सेकंदाला लाखाहून जास्त कंपनं, आणि आपले कान वीस हजारांवर हात टेकतात. म्हणजे गोळ्याचा स्वतःचा सूर आपल्याला कधीच ऐकू येत नाही. ऐकू येतो तो गोळा अचानक थांबल्याने किंवा निघाल्याने आजूबाजूच्या हवेला बसलेला धक्का. ती टक् म्हणजे हवेची तक्रार आहे, स्टीलची नव्हे.

तर वेळ वेगावर का अवलंबून नाही, निदान फारसा का नाही. आधी साधी स्प्रिंग घ्या. एखादी वस्तू स्प्रिंगवर आदळली, दाबत गेली, थांबली, परत फेकली गेली. जोरात आली तर जास्त लांबवर दाबते पण तितकीच भराभर दाबते, आणि परतीला स्प्रिंगचा रेटाही त्याच प्रमाणात जास्त असतो, त्यामुळे हिशोब तंतोतंत फिटतो, हळू या नाहीतर जोरात या, वेळ तेवढाच. झोपाळा थोडा हलवला काय आणि जरा जास्त हलवला काय, एका फेरीला तेवढाच वेळ लागतो, त्यातलाच प्रकार. पण गोळा ही अशी सरळमार्गी स्प्रिंग नाही. बोटाचं टोक काचेवर ठेवा आणि काचेच्या पलीकडून बघा. आधी एक फिकट ठिपका दिसतो, दाबलं की तो पसरतो, पांढरट चकती होते, आणखी दाबलं की कडा हळू हळू सरकतात. जितकं दाबाल तितकं जास्त मांस कामाला लागतं. स्टीलच्या गोळ्याचंही हेच, फक्त मापं बारीक. आधी एका बिंदूवर टेकतो, मग तिथे चपटा होतो, चकती वाढते, आणि चकती वाढली की पुढचं दाबणं अवघड होत जातं. म्हणजे ही स्प्रिंग दाबता दाबता कडक होणारी. म्हणून जोरात आलेल्या गोळ्याला ती जरा लवकर परतवते. किती लवकर? वेग दुप्पट केला तर वेळ फक्त १३ टक्क्यांनी कमी होतो. वेळ निम्मा करायचा असेल तर वेग ३२ पट वाढवायला लागतो, कारण सूत्रात वेगाचं पाचवं मूळ बसलंय. पाचवं मूळ! वर्गमूळ, घनमूळ समजू शकते, पण निसर्गात पाचवं मूळ भेटतं तेव्हा मला नेहमी वाटतं की कुणीतरी बेरीज करताना मधेच उठून गेलं असणार. पण आकडेमोड केली की तेच येतं, आणि लॅबमधला तो जेमतेम अरुंद होणारा हिरवा उंचवटा हेच सांगत होता.

हे सूत्र हाइनरिश हर्ट्झचं. तोच, रेडिओ लहरींवाला, ज्याच्या नावाने आपण कंपनं मोजतो. पण लहरींच्या आधी, १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाचा असिस्टंट असताना त्याने हे केलं. आणि विषय टक्कर नव्हताच मुळात. काचेची भिंगं एकमेकांवर ठेवली की रंगीत कडी दिसतात ना, त्यांच्यावर चर्चा चालली होती, आणि याला प्रश्न पडला की भिंगं दाबून धरली तर स्वतःच्या दाबाने काच वाकते की काय, आणि वाकत असेल तर ती कडी नक्की काय दाखवतायत. काच वाकते हे मान्य करायलाच आधी धाडस लागत असेल असं मला वाटतं, म्हणजे आपल्या डोक्यात काच एकतर अख्खी असते किंवा फुटलेली, मधलं काही नसतं. त्याने दोन गोल पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तर चकती केवढी होते, दाब कसा पसरतो, हे सगळं सोडवलं, जानेवारी १८८१ मध्ये बर्लिनच्या फिजिकल सोसायटीत वाचलं, आणि १८८२ मध्ये ते छापून आलं. टक्कर हा त्या लेखातला जोडीचा मुद्दा, आता दाबाचं सूत्र हाताशी आहेच तर आदळण्याचंही काढून टाकू, अशा थाटातला. आज बेअरिंगपासून आगगाडीच्या चाकापर्यंत गोल वस्तू कशावर टेकते तिथे हेच गणित लागतं. तो छत्तिसाव्या वर्षी गेला. सुट्टीतलं काम म्हणून मी हे वाचते तेव्हा थोडा हेवा, थोडी धाकधूक, असं काहीतरी मिसळून वाटतं.

आता खरा मुद्दा, जो मला त्या रात्री कागदावर दिसला आणि मग झोप लागेना.

गोळा आदळला हे त्याच्या मागच्या टोकाला कधी कळतं? पुढचा बिंदू थांबला तरी मागचा भाग अजून त्याच वेगाने येत असतो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सांगणारा निरोप म्हणजे दाबाची लाट, आणि ती स्टीलमध्ये सेकंदाला साधारण ५९०० मीटर वेगाने जाते, त्याहून जलद निरोप धाडायची सोय तिथे नाही. लांब सळया घेतल्या तर हे फार स्वच्छ दिसतं. एक-एक मीटरच्या दोन सारख्या स्टीलच्या सळया, एक स्थिर, दुसरी येऊन टोकाला टोक आदळते. संपर्काच्या जागेवरून दोन्हीकडे लाट निघते, मागच्या मोकळ्या टोकापर्यंत जाते, तिथून उलटून परत येते, आणि ती परत आली की सळया सुटतात. बारीक सळईत लाट सेकंदाला ५००० मीटरच्या आसपास जाते म्हणजे जाऊन येऊन ०.४ मिलिसेकंद. कितीही जोरात आदळा, कितीही हळू, वेळ तेवढाच, कारण निरोप जोरात मारल्याने जोरात पळत नाही. सळईची टक्कर निरोप पोचण्याची वाट बघत असते, दुसरं काही नाही. हे मला फार आवडतं, का ते नीट सांगता येणार नाही.

गोळ्यांचं मात्र उलटं निघतं. आपल्या २३ मिलिमीटरच्या गोळ्यात निरोप जाऊन परत यायला ८ मायक्रोसेकंदसुद्धा लागत नाहीत आणि संपर्क चालतो ७०. म्हणजे टक्कर चालू असतानाच निरोपाच्या नऊएक फेऱ्या होऊन जातात, पुढचं मागच्याला, मागचं पुढच्याला, सगळ्या गोळ्याला सगळं कळलेलं असतं. आणि म्हणूनच ती टक्कर इलॅस्टिक होते. गोळ्याच्या दृष्टीने ७० मायक्रोसेकंद म्हणजे ऐसपैस वेळ आहे, हळूवार दाबून हळूवार सोडल्यासारखं, त्यामुळे आत हेलकावे उरत नाहीत, जवळजवळ सगळी ऊर्जा परत मिळते. लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये हे दाखवून दिलं की अशा टक्करीत गोळ्याच्या आतल्या कंपनांत अडकून राहणारी ऊर्जा अगदी किरकोळ असते. टक्कर जर निरोपापेक्षा झटपट उरकली असती तर गोळा आत थरथरत राहिला असता आणि तेवढी गती कमी पडली असती. आपण शाळेत इलॅस्टिक टक्कर म्हणजे क्षणार्धात झालेली, चटकन, कडक, असं डोक्यात घेऊन बसतो. प्रत्यक्षात ती इलॅस्टिक आहे कारण ती सावकाश आहे. हे मला कुणी बाविसाव्या वर्षी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

क्षणार्धात हा आग्रह तसा जुना आहे. सतराव्या शतकात टक्करीचे नियम शोधणाऱ्यांपुढे एक आदर्श वस्तू असायची, पूर्ण कठीण, अजिबात न दबणारी. तिच्यात गती बदलायची ती एका क्षणात, आधी इतकी, मग एकदम तितकी. लायबनिट्झ या जर्मन तत्त्वज्ञ-गणितज्ञाला हे कधीच पटलं नाही, निसर्ग उड्या मारत नाही हे त्याचं म्हणणं, वेग बदलायचा तर मधल्या सगळ्या वेगांतून जाऊनच बदलणार. आजचा हिशोबही तेच सांगतो, शून्य वेळात संवेग बदलायचा तर बल अनंत लागेल. न्यूटनने लोंबते गोळे एकमेकांवर सोडून किती परत मिळतं ते मोजलं, काचेच्या गोळ्यांत दूर जाण्याचा वेग जवळ येण्याच्या वेगाच्या १५/१६, आणि दाबून बांधलेल्या लोकरीच्या गोळ्यांत ५/९. पण मला यातला सगळ्यात जवळचा वाटतो तो डच शास्त्रज्ञ हायगेन्स. त्याचं १६९० चं पुस्तक प्रकाशावर आहे, आणि प्रकाशाला यायला वेळ लागतो हे पटवण्यासाठी तो चक्क टक्करीकडे जातो. म्हणतो, कठीण गोळ्यांची रांग लावा, एका टोकाला एक गोळा आदळवा, दुसऱ्या टोकाचा एकदम सुटतो, मधले हलल्यासारखे दिसत पण नाहीत. पण म्हणून ते एका क्षणात झालं असं समजू नका. काचेचा किंवा अकीकाचा गोळा तसल्याच जाड सपाट तुकड्यावर आदळवा, आधी त्या तुकड्यावर फुंकर मारून वाफ धरू द्या. आदळल्यावर तिथे गोल ठसा उरतो, हलकं मारलं तर लहान, जोरात मारलं तर मोठा. म्हणजे काच तिथे दबली आणि परत आली. आणि दबून परत यायला वेळ लागणारच.

ना घड्याळ, ना ऑसिलोस्कोप, नुसती तोंडाची वाफ!

मी ते करून पाहिलं अर्थातच. जाड काचेचा पेपरवेट, तळ सपाट, तो उलटा केला, हाऽ करून वाफ धरली, आणि काचेची गोटी आधी बोटभर उंचीवरून सोडली, उसळल्यावर लगेच हातात झेलायची नाहीतर ती दुसरा ठसा उमटवते. वाफेवर एक काळा ठिपका, मोहरीपेक्षा लहान, कडा मात्र अगदी गोल, भिंगातून पाहिला तर कंपासने काढल्यासारखा. वाफ भराभर उडते म्हणून दोन-तीन सेकंदांत बघून घ्यायचं. मग पुन्हा वाफ, आणि वीतभर उंचीवरून. ठिपका मोठा झाला, पण फार नाही, दीडपट असेल. हिशोब पण तेच म्हणतो, उंची दहापट केली तर ठशाचा व्यास दीडपटीच्या थोडा वर जातो, इथेही पाचवं मूळ येऊन बसतंच. एक टीकाखोर शंका मनात आलीच की वाफेच्या थराला जाडी असते, न दबणारा गोळाही थोडं पुसणारच. पण तसं असतं तर दोन्ही ठिपके सारखे आले असते ना, उंचीप्रमाणे वाढले नसते. हायगेन्सने लहान-मोठा हा फरक मुद्दाम सांगितला तो यासाठीच असणार. यापेक्षा जास्त उंचीवरून मी सोडली नाही, कारण काचेला हा दाब एका मर्यादेपर्यंतच चालतो, पुढे चकतीच्या कडेने गोल चीर जाते आणि आत शंकूसारखी पसरते. काचेला बारीक खडा लागला की जो टवका उडतो त्यात हा शंकू दिसतो, आणि त्याला नावही हर्ट्झचंच आहे.

ठिपका बघताना मनात येत राहिलं ते मधल्या क्षणाचं. आपल्या गणितातले दोन गोळे घेऊ. आधीचं चित्र, एक पळतोय, एक उभा. नंतरचं चित्र, उलट. दोन्ही चित्रांत गतिज ऊर्जा तेवढीच, म्हणून इलॅस्टिक. पण ३५ व्या मायक्रोसेकंदाला, चकती सगळ्यात मोठी असताना, दोन्ही गोळे एकाच वेगाने सोबत चाललेले असतात, सेकंदाला अर्धा मीटर, आणि त्या क्षणी गतिज ऊर्जा मोजली तर निम्मीच भरते. उरलेली निम्मी पाऊण मिलिमीटरच्या चकतीमागे दाबलेल्या स्टीलमध्ये असते. दोन्ही गोळे मिळून दबतात ते २४ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा असेल. गतिज ऊर्जा तेवढीच राहते असं आपण जे पाठ करतो ते आधी आणि नंतर यांच्याबद्दल आहे, मधल्याबद्दल ते चूप आहे. याचं मला कौतुकही वाटतं आणि थोडा रागही येतो. कौतुक यासाठी की मधे काय झालं ते न बघता शेवट सांगता येतो, हे नियम जवळजवळ जादूच आहेत, १६६९ च्या सुमारास हायगेन्स आणि ख्रिस्तोफर रेन यांनी ते मांडले तेव्हा मधलं बघायची कुणाकडे सोयच नव्हती. आणि राग यासाठी की मग मधलं कुणी विचारतच नाही, आणि विचारलंच तर ०.०१ धरा.

थोडा खडा इथेही लागतो, तो सांगायलाच हवा. मी वर काढलेले आकडे स्टील शेवटपर्यंत स्प्रिंगसारखं वागतं असं धरून आहेत. पण सेकंदाला १ मीटर वेगाने चकतीच्या मध्यावर जो दाब येतो तो ४ गिगापास्कलच्या वर, म्हणजे हवेच्या दाबाच्या चाळीस हजार पटींच्या आसपास जातो, आणि एवढा दाब कडक केलेलं बेअरिंगचं स्टीलसुद्धा पूर्ण निमूटपणे सोसत नाही, तिथे अगदी सूक्ष्म खळगा कायमचा राहतो. साध्या स्टीलचं तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, अगदी कमी वेगातच. पूर्ण इलॅस्टिक टक्कर ही फार हळू गोष्टींची मिरास आहे. टेबलावर टकटक करणारे ते पाच लोंबते गोळे असतात ना, त्यांच्यावर भिंग धरून बघा, जिथे एकमेकांना लागतात तिथे बारीक खुणा सापडतील.

आणि हळूची गोष्ट निघालीच आहे तर हर्ट्झने स्वतः दिलेलं उदाहरण राहू नये. त्याने आधी २५ मिलिमीटर त्रिज्येचे दोन स्टीलचे गोळे घेतले, सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने भेटणारे, म्हणजे अगदी संथ, आणि वेळ काढला ०.०००३८ सेकंद. मग, बहुधा गंमत म्हणून, गोळे पृथ्वीएवढे केले. तेच स्टील, तोच वेग. सूत्रात वेळ त्रिज्येच्या थेट प्रमाणात वाढतो, त्यामुळे काही वेगळं करायला लागत नाही, नुसता आकडा बदलायचा. उत्तर जवळजवळ २७ तास. इलॅस्टिक टक्कर, टक् करून होणारी, २७ तास चालणारी! गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवलंय हे उघडच आहे, ते धरलं तर असले दोन गोळे एकमेकांना सोडणारच नाहीत. मी पुढचं काढून बघितलं. दोन्ही गोळे मिळून दबतात सुमारे ३३० मीटर, आणि चकती होते ६५ किलोमीटर व्यासाची. एवढ्या प्रचंड गोळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निरोप जायला ३६ मिनिटं, जाऊन यायला सव्वा तासाला थोडं कमी, म्हणजे २७ तासांत बावीस फेऱ्या, आणि लहान गोळ्यांच्या ०.०००३८ सेकंदातही बरोबर तेवढ्याच बसतात. साडेतेरा तास चकती पसरत जाणार, सुरुवातीला कडा मैलोन्‌मैल धावत आणि मग रांगत, मग थोडा वेळ काहीच हलत नसल्यासारखं वाटणार, मग आणखी साडेतेरा तास ती आवळत येणार. तिथे कडेला कुणी उभं असलं तर त्याला हे टक्कर वाटायचं काही कारण नाही. तो दुपारचा जरा झोपूनही घेईल.